एरवी रांगेत शहाण्यासारखी उभी राहणारी माणसं राँग साइडने का येतात?

निमूट_पुणेकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडलं की पेट्रोल पंप उजव्या हाताला, आमच्याच बाजूला, नजरेच्या टप्प्यात. मध्ये दुभाजक. रीतसर जायचं तर डावीकडे वळून पुढच्या चौकातून यू-टर्न, मग पंप मागे टाकून पलीकडच्या चौकातून पुन्हा यू-टर्न. सकाळच्या गर्दीत यात पाव तास सहज जातो. त्यामुळे सगळी जनता फुटपाथला चिकटून राँग साइडने जाते.

यात आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका आहेत. बँकेतून निवृत्त. लिफ्टसमोर चपला काढू नयेत ही सूचना त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून लावली आहे. दूध केंद्रावर कुणी मध्ये घुसलं की हेच त्याला मागे पिटाळतात. आणि हेच काका हेल्मेट घालून, बक्कल लावून, गेटमधून उजवीकडे वळताना चक्क इंडिकेटर देऊन राँग साइडने पंपावर जातात. परवा विचारलं तर म्हणाले, "अरे, सगळेच जातात. मी एकट्याने वळसा घालून काय दिवे लावणार आहे?"

चिडचिड करायला धागा काढलेला नाही, त्यासाठी वाहतुकीवर ढीगभर धागे आहेत. मला खरंच कुतूहल आहे. 'आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही' हे उत्तर मला पुरत नाही, कारण काकांना तो आहे, दुधाच्या रांगेत धडधडीत दिसतो. मग रस्त्यावर आल्यावर जातो कुठे?

खडूस_पेठकर

कुठेही जात नाही. रांगेत चार शिव्या बसतात, रस्त्यावर कुणी विचारत नाही, एवढंच. पंपाच्या तोंडाशी आठवडाभर मामा उभा करा, धडाधड पावत्या फाडा, काका सुतासारखे सरळ येतील. मानवी स्वभाव वगैरे काही भानगड नाही. धागा बंद करायला हरकत नाही.

कर्जत_फास्ट

पेठकर काका, पावतीचंच असतं तर लोकल कधीच चालली नसती.

तिघांच्या बाकावर चौथा बसणार हे रेल्वेच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तरी "जरा सरका" म्हटलं की तिघं सरकतात. चौथ्याने मात्र अर्ध्या मांडीवर निभावायचं, पाय पॅसेजमध्ये, खांदा शेजारच्याच्या पुढे. खिडकीवाला उतरला की सगळे एकेक जागा आत सरकणार. चौथ्याने थेट खिडकीत उडी मारायची नाही. मी इतकी वर्षं प्रवास करतोय, नवशिके सोडले तर हा क्रम मोडलेला पाहिलेला नाही. मोडला तर होणार काय? काही नाही. दोन जण बघतील फक्त.

आता हीच माणसं उतरल्यावर पूल चढायचा कंटाळा म्हणून रूळ ओलांडतात. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि मुख्य म्हणजे जीव जातो. म्हणजे जिथे शिक्षा आहे आणि मरणसुद्धा आहे, तिथे नियम मोडतात. जिथे काहीच नाही, तिथे पाळतात. सांगा आता.

तिखटमीठ

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पेठकर काकांची बाजू जरा जड करा कुणीतरी, सामना एकतर्फी होतोय.

मृगजळ_७

कर्जतकरांचं निरीक्षण नेमकं आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रम हे नाव बहुतेकांना विजेच्या झटक्यांच्या प्रयोगामुळे माहीत असतं. सत्तरच्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक साधा उद्योग केला. आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, धडधाकट असताना डब्यात शिरायचं आणि बसलेल्या माणसाला विचारायचं, "तुमची जागा मला देता का?" कारण सांगायचं नाही. ६८ टक्के वेळा लोक उठले किंवा सरकले. म्हणजे मागणं सोपं होतं.

मजा पुढे आहे. विद्यार्थी सुरुवातीला हे करायलाच तयार होईनात. शेवटी प्राध्यापक स्वतः डब्यात गेले, तर शब्द घशातच अडकले. कसंबसं विचारलं, जागा मिळाली, आणि बसल्यावर त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की आपण आजारी आहोत असं वागावंसं वाटू लागलं. मान खाली, चेहरा उतरलेला. नाटक नव्हतं ते. समोर पोलीस नाही, दंड नाही, ही माणसं पुन्हा आयुष्यात भेटणार नाहीत, तरी पोटात गोळा.

दुधाच्या रांगेत काकांना अडवतो तो हा गोळा, शिव्यांची भीती नव्हे. पंपाकडे जाताना तो येत नाही, कारण त्या तुकड्यावर राँग साइड हीच रीत झालेली आहे. तिथे वळसा घालून जाणारा वेडा ठरतो. माझ्या मते काका तिथे कायदा मोडतात आणि त्याच वेळी रूढी अगदी निमूटपणे पाळतात. आपण ज्याला बेशिस्त म्हणतो त्यातली निम्मी तरी बंडखोरी नसतेच, आज्ञाधारकपणा असतो.

खडूस_पेठकर

न्यूयॉर्कचं न्यूयॉर्कमध्ये. इथे पावतीच लागते.

तळटीप

काका, मग हैफाची पावती ऐका. इस्रायलमधलं हे शहर. तिथल्या १० पाळणाघरांत आईबाप मुलांना न्यायला उशीर करायचे, बाई बिचाऱ्या ताटकळत बसायच्या. गनीझी आणि रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यातल्या ६ पाळणाघरांत १० मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड लावून पाहिला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते ना? ते वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी आकडा खाली आला नाही. २००० साली हे छापून आलं.

आधी उशीर झाला की बाईंच्या तोंडाकडे बघवत नसे. दंड आला आणि ती लाज मिटली. पैसे भरतोय ना, मग थांबा अर्धा तास. नंतर दंड गेला, पण लाज काही परत आली नाही.

आमच्या ऑफिसात ई-चलनाचं हेच झालं आहे. मोबाइलवर मेसेज आला की लोक एकमेकांना फोटो दाखवतात, "बघ, कसला क्लिअर आलाय." सात-आठ साठले की लोकअदालतीत तडजोड करून मोकळे. खिशाला जेमतेम लागतं, मनाला तर अजिबात लागत नाही.

म्युनिक_मामा

पेठकरांची बाजू थोडी मी घेतो, एकटे पडलेत.

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचे राजदूत आणि त्यांचे कर्मचारी राहतात. त्यांना राजनैतिक संरक्षण, त्यामुळे चुकीच्या पार्किंगची पावती फाडली तरी वसूल करता येत नसे. फिसमन आणि मिगेल या अभ्यासकांनी १९९७ ते २००२ मधल्या थकलेल्या पावत्या देशवार मोजल्या. दीड लाखाच्या वर पावत्या, रक्कम १.८ कोटी डॉलरहून जास्त. कुवेतच्या प्रत्येक अधिकाऱ्यामागे जवळपास अडीचशे पावत्या. नॉर्वे आणि स्वीडन शून्य. शहर तेच, रस्ते तेच, मोकळीकही तीच. २००२ मध्ये शहराने थकबाकीदारांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी काढून घ्यायला सुरुवात केली आणि उल्लंघनं सुमारे ९८ टक्क्यांनी घटली. म्हणजे बडगा चालतो, बरं का काका. फक्त तो जोरात आणि प्रत्येक वेळी बसायला हवा, लोकअदालतीत विरघळणारा नको.

पण ते शून्यवाले बघा. त्यांना कुणाचा बडगा होता?

आमच्याकडे म्युनिकमध्ये पादचारी सिग्नलवर पाट्या असतात, मुलांसमोर आदर्श ठेवा, हिरवा असतानाच ओलांडा. रात्री बारा वाजता निर्मनुष्य रस्त्यावर लाल माणसाकडे बघत थांबलेले आमचे मराठी मंडळाचे लोक मी पाहिलेत. हेच लोक दिवाळीत पुण्यात उतरले की रिक्षावाल्याला सांगतात, "दादा, इथूनच घ्या हो आत, कशाला वळसा." ज्यांना हे सगळं 'रक्तातच असतं' वाटतं त्यांनी सांगावं, रक्त नक्की कुठे बदलतं? दुबईच्या ट्रान्झिटमध्ये?

जिन्याखालचा

सगळेच जातात हे काकांचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते लोकांच्या डोक्यात आपणच भरवतो.

आमच्या ऑफिसच्या इमारतीत जिन्याच्या कोपऱ्यांत लाल रांगोळी असायची. मग नेहमीचा उपाय झाला. प्रत्येक कोपऱ्यात देवांच्या टाइल्स. गणपती, साईबाबा, येशू, मक्का, गुरू नानक, कुणाला सोडलं नाही. टाइल्सवर कुणी थुंकत नाही हे खरं. थुंकी वीतभर वर सरकली, जिथे टाइल संपते तिथून पुढे. ती रेघ इतकी सरळ आहे की फूटपट्टीने मारल्यासारखी वाटते. यावरून एक कळतं, थुंकणाऱ्याचा स्वतःवर उत्तम ताबा असतो.

मग मॅनेजरने मोठा कागद चिकटवला, 'रोज शेकडो लोक इथे थुंकतात, थोडी तरी लाज बाळगा.' आता तुम्ही नवीन आहात, तोंडात मावा आहे आणि समोर लिहिलंय की शेकडो लोक इथे थुंकतात. काय कराल?

याचा पक्का पुरावा अॅरिझोनात मिळालेला आहे. तिथे दगड झालेल्या प्राचीन झाडांचं राष्ट्रीय उद्यान आहे, पर्यटक आठवण म्हणून तुकडे खिशात घालतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालदिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. 'आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं आहे' अशी पाटी होती तेव्हा ७.९२ टक्के तुकडे गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' एवढंच होतं तेव्हा १.६७ टक्के. चोरी थांबवायची पाटीच चोरीची जाहिरात करत होती.

वर्तमानपत्रात दर महिन्याला 'बेशिस्त पुणेकर' म्हणून फोटो येतो तोही त्याच जातीचा. तो बघून एकही काका वळसा घालणार नाही. उलट त्यांना छापील दाखला मिळतो.

तिखटमीठ

ती फूटपट्टीची रेघ! माव्याचा चहा नाकातून आला. म्हणजे चहाचा चहा.

सोनचाफा_शिरोळ

सगळे रस्ते, थुंकी, पार्किंग यावरच बोलताय, म्हणून जरा वेगळं लिहिते. मोडायला हवी असलेली रीत लोक का मोडत नाहीत, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे.

माझे चुलते गेले तेव्हा चुलतीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. मी आत स्वयंपाकघरात होते. तिथे प्रत्येक बाई एकेकटी येऊन माझ्या कानात सांगत होती, "आम्हाला बी नको वाटतंय बघ, पण लोक काय म्हणतील." आजीच्या वयाच्या सुद्धा. आणि अंगणात जाऊन त्याच बायका गोल करून उभ्या. मी लोक शोधत होते. त्या गोलात मला तरी दुसरं कुणी दिसलं नाही, त्याच होत्या.

शेजारच्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, विधवा प्रथा बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा आठवडा होता तो. कोरोनात तरणी माणसं गेली होती, घराघरात जखम ओली होती. १७ मे ला शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. लोकांना वाटलं, ठरावाने काय होतंय? माझं म्हणणं, ठरावाने एकच गोष्ट झाली. जे प्रत्येकीला एकटीला वाटत होतं ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोललं गेलं. आता प्रत्येकीला ठाऊक की बाकीच्यांनाही नको आहे, आणि बाकीच्यांना हे ठाऊक आहे हेही ठाऊक.

मृगजळ_७

सोनचाफाताई, सुंदर. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची प्रथा अशीच मोडली. शेकडो वर्षं चाललेली. एकट्या बापाने ठरवलं तर त्याची मुलगी बिनलग्नाची राहणार, म्हणून कुणी पहिला व्हायला तयार नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मंडळं निघाली. सभासदांनी दोन शपथा घ्यायच्या. मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलासाठी पाय बांधलेली सून आणणार नाही. दुसऱ्या शपथेत सगळी मेख होती. त्यानंतर ही प्रथा साधारण एका पिढीत बहुतेक ठिकाणी नाहीशी झाली.

जुना_बाजार

सगळ्यांसमोर येणं म्हणजे काय याचं आपल्याकडचं मासलेवाईक उदाहरण म्हणजे पंचहौद मिशनचा चहा. पुण्यात राहून कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं.

१४ ऑक्टोबर १८९०. ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान, नंतर चहा-बिस्किटं. पाहुण्यांत टिळक, रानडे आणि शहरातली बडी बडी मंडळी. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. तिथवर काही झालं नाही, सगळे घरी जाऊन जेवले. नंतर गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, एक नंबरचे कळलावे) हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि रान पेटलं. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशीला शास्त्री पाठवले. ग्रामण्य म्हणजे पंगतीत पान नाही, घरच्या कार्याला भटजी नाही, सोयरीक नाही. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं तेव्हा सुधारकांनीच त्यांच्यावर टीकेची झोड उठवली.

मला यात चहापेक्षा छपाई महत्त्वाची वाटते. इंग्रजी शिकलेल्या मंडळींत चोरून काय काय खाल्लं-प्यायलं जात होतं ते सगळ्या पेठांना ठाऊक होतं. ठाऊक असून कानाडोळा करायची सोय होती. गोपाळरावांनी ती सोय काढून घेतली. मग प्रत्येकाला भूमिका घेणं भाग पडलं, आणि सनातन्यांनाही मौन परवडेनासं झालं.

तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी उघड लग्न केलं. त्यांना मुरुडकरांनी वाळीत टाकलं, त्यात आईचेसुद्धा हाल झाले. ही वाळीत टाकायची हौस इतकी चिवट की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खडूस_पेठकर

वा. म्हणजे कर्व्यांनी रीत मोडली ते समाजसुधारक, काकांनी मोडली ते बेशिस्त. दोघांनी नियमच मोडला. उद्या काका म्हणतील मी दुभाजकाविरुद्ध सत्याग्रह करतोय. फरक काय तो सांगा, गोल गोल नको.

जुना_बाजार

रास्त प्रश्न आहे. सत्याग्रहाचंच नाव काढलंत तर महाड घ्या.

१९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं ठीक. तरी तीन वर्षं तिथे एकाही अस्पृश्याला ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. न्यायालयातला निकाल हायकोर्टापर्यंत जाऊन लागायला १९३७ उजाडलं.

तिथे कायदा आणि रूढी परस्परांविरुद्ध उभे होते. पाणी प्यायलेले लोक कायदा पाळत होते. त्यांना मारणारे रूढी पाळत होते आणि कायदा मोडत होते, आणि स्वतःला सज्जनच समजत होते.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: किंमत कोण मोजतं ते बघा. कर्व्यांनी स्वतः मोजली, महाडला गेलेल्यांनी डोकी फोडून घेतली, आणि दोघांनीही दिवसाढवळ्या, नाव सांगून केलं. राँग साइडची किंमत समोरून आपल्या बाजूने नीट येणारी स्कूटीवरची मुलगी मोजते. आणि काकांना ते जगजाहीर व्हायला नको असतं. त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बघा, काय म्हणतात ते.

निमूट_पुणेकर

बाजार साहेब, ग्रुपवर फोटो टाकायचा विचार आला होता. पण 'जिन्याखालचा' यांचा प्रतिसाद वाचल्यावर थांबलो. काकांचा फोटो टाकला की बाकीचे चाळीस जण म्हणणार, बघा, काकासुद्धा जातात.

दुसरं, त्या तुकड्यावर वळसा फार लांब आहे हेही मान्य करायला हवं. दुभाजक आखणाऱ्याने माणसं चालतात-फिरतात कशी हे बघितलंच नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा म्हणतोय, आणि एक प्रत वाहतूक शाखेला. पंपाच्या लगेच पलीकडे दुभाजकात जागा सोडता येते का, निदान तपासा म्हणून. सह्या गोळा करायला काकांनाच पुढे करणार आहे. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

खडूस_पेठकर

महाडचा मुद्दा घेतला. अर्जाचं काही होणार नाही, पण द्या.

सोनचाफाताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. ठराव झाले, टाळ्या झाल्या, पेपरात आलं. प्रत्यक्षात थांबलं का? की कागदाला कागद?

सोनचाफा_शिरोळ

पेठकर काका, हेरवाडचं तिथल्या लोकांनी सांगावं. आमच्या गावाने मागाहून तसाच ठराव केला, त्याचं सांगते.

ठरावानंतर गावात पहिलं मयत झालं तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या सुनेच्या हाताकडे. तिच्या सासूची बहीण बाहेरगावाहून आलेली, तिने सवयीने हात पुढे केला. आशाताई म्हणाल्या, "मावशी, ठराव झालाय आमच्यात, आता नाही चालत." म्हातारी लगेच मागे सरली. वाद नाही, काही नाही. मला वाटतं तिलाही निमित्तच हवं होतं. आपण मोडलं असं झालं नाही, गावात तसं चालत नाही एवढंच झालं. बांगड्या राहिल्या, मंगळसूत्र राहिलं. कुंकू तिचं तिनेच लावायचं बंद केलं, त्याला कोण काय करणार.

पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला अजून कुणी बोलावत नाही. विचारलं तर म्हणतात, ते ठरावात कुठं होतं?

खडूस_पेठकर

मग घाला की ठरावात. पुढची ग्रामसभा कधी?

सोनचाफा_शिरोळ

२६ जानेवारीला. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. विषय यादीत टाकायला ग्रामपंचायतीत आधी अर्ज द्यावा लागतो, तो लिहून ठेवलाय. सह्या पाच झाल्यात. पाचही जणींनी विचारलं, अजून कुणी कुणी केली म्हणून.